खाडा कळवून ठेव

मुंबईत पंचविशी-तिशीतली मुलं आईवडिलांच्या घरी राहतात, यात कुणी कुणाला दोष द्यावा असं काही नाही. स्वतंत्र राहायचं म्हटलं तर ११ महिन्यांचा करार, हातात आधी डिपॉझिट, वर दलाली, आणि एवढ्या तयारीनिशी गेलं तरी पुष्कळ सोसायट्यांत एकट्या मुलाला किंवा मुलीला जागा मिळत नाही. शिवाय लग्न होईपर्यंत मुलांनी घरीच असायचं ही आपली रीत आहे. मला ती आवडते. 'मोठी झाली ना, आता बाहेर काढा' असा सल्ला अलीकडे कानावर येतो, तो मला पटत नाही. माझी दोन्ही मुलं नोकरीला लागून वर्षं झाली, आणि ती आमच्याजवळ राहतात याचा मला आनंदच आहे.

पण ती राहणार आहेत म्हणूनच काही गोष्टी तोंडाने बोलून ठरवायला हव्यात, हे मी आता भेटेल त्या आईला सांगते. कारण आजूबाजूला जे दिसतं ते बघवत नाही. आमच्या भजनी मंडळातली एक बाई रोज साडेअकरापर्यंत ओट्याशी जागी असते. मुलगा बाहेर जेवून येणार की घरी जेवणार हे तिला कळत नाही, आणि विचारलं तर तो चिडतो. दुसरीच्या यजमानांच्या पेन्शनमधून तिशीतल्या मुलाच्या मोटरसायकलचा हप्ता जातो. तिसरीला स्वतःच्या घरात टीव्हीचा आवाज वाढवता येत नाही, कारण लेकीचे ऑफिसचे कॉल रात्री दहापर्यंत हॉलमध्ये चालतात. यातलं एकही मूल वाईट नाही. मी अंगाखांद्यावर खेळवलेली मुलं आहेत ती. आईवडील सांगत नाहीत, मुलं विचारत नाहीत, आणि दोन्हीकडचे मनात ठेवत जातात.

आमच्या आधीच्या पिढीला हे जमत होतं, तेही याहून कितीतरी कमी जागेत.

मी लालबागच्या चाळीत वाढले. सरकारने १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. आमची दहा बाय बाराची, म्हणजे त्याहूनही लहान. त्यात आजी, आईबाबा, आम्ही भावंडं आणि बाबांचे दोन बिनलग्नाचे भाऊ. बाबा आणि काका गिरणीत. थोरले काका रातपाळी करून सकाळी आले की दुपारपर्यंत कोपऱ्यात त्यांची वळकटी पसरलेली असे आणि तेवढा वेळ रेडिओ लागत नसे. कुणी ओरडून गप्प करावं लागत नव्हतं. पाणी पहाटे येई, तेव्हा आधी कोण अंघोळ करणार, कोण पाणी भरणार हे ठरलेलं. चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे रात्री गॅलरीत झोपायला जात. शेजारच्या खोलीत लग्न झालं की नवराबायकोला पोटमाळा मिळे आणि त्या घरातली म्हातारी माणसं काही महिने झोपायला आमच्याकडे येत. पगाराच्या दिवशी दोन्ही काका पाकीट आजीच्या हातात देत, आणि आजी त्यातून मोजून त्यांचा चहा-बिडीचा, बसचा आणि नाटकाचा खर्च त्यांना परत देई. काकांपैकी एकाची पंचविशी उलटलेली होती. त्यांना त्यात कमीपणा वाटताना मी कधी पाहिला नाही.

त्या जगाचे मी गोडवे गात नाही. बायकांना तिथे स्वतःचा असा एक कोपराही नव्हता. आई कपडे बदलायला मोरीच्या पडद्याआड जाई, आणि तेवढ्यातही बाहेरून कुणीतरी हाक मारी. पण ज्यांना जागा नव्हती त्यांनी वेळा वाटून घेतल्या होत्या, हे मला आज फार मोठं वाटतं.

आमच्या मजल्यावर एक मावशी खानावळ चालवत. गावाकडे बायकापोरं ठेवून आलेले कोकणातले, घाटावरचे गडी त्यांच्याकडे जेवायला. मावशींचा नियम एकच: ज्या वेळेला जेवायला यायचं नाही, त्याचा खाडा आधी कळवून ठेवायचा. कळवला तर महिन्याच्या हिशेबातून तेवढे पैसे वजा. न कळवता राहिला तर पैसे द्यायचेच, शिवाय दुसऱ्या दिवशी मावशींना तोंड द्यायचं. अंगाने दुप्पट असलेला गडी दारात उभा राहून 'मावशी, आज रात्रीचा खाडा' असं अदबीने सांगून जाई. गिरणगावात अशा खानावळी शेकड्यांनी होत्या आणि त्या बायकांच्या कष्टांना कुणी धंदा म्हणत नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला किंमत आली. पण स्वतःच्या श्रमांची किंमत आमच्या मावशींना आधीपासून ठाऊक होती. चार भाकऱ्या वाया गेल्या तर ते कुणाला तरी सांगायला हवं, एवढं त्यांना कळत होतं. आईपणाच्या नावाखाली आम्ही नेमकं तेच सांगत नाही.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. बाबा त्यांतलेच. डी.एड. होऊन मी शाळेत लागले तेव्हा घरात नियमित येणारा पगार माझा एकटीचा होता. मी तो आईच्या हातात ठेवला. तिने त्यातले काही रुपये माझ्याकडे परत सरकवले आणि म्हणाली, "हे पोस्टात टाक. आरडी काढ. आणि मी मागितले तरी मला द्यायचे नाहीत." मी म्हटलं, "अगं, घरात डाळ नाही." ती म्हणाली, "डाळीचं मी बघते. हे तुझे." पुढे दोनदा तिने खरंच मागितले. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं आणि दोन्ही वेळा ती काही न बोलता कामाला लागली. कमावती लेक घरात ठेवून घेताना तिने माझ्याकडून काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही, हे इतक्या गरिबीत ठरवलं होतं. मी आज मुलांशी जे बोलते त्याचं मूळ तिथे आहे.

पुढे भांडुपला वन बीएचके घेतलं. भिंती आल्या, दारं आली, आतून लावायची कडी आली, आणि ठरवून घेण्याची सवय मागे पडली. चाळीत दार नव्हतं म्हणून बोलावं लागे. इथे दार लावलं की बोलायची गरजच उरत नाही.

वन बीएचकेमध्ये खरा प्रश्न एकच असतो, तो म्हणजे बेडरूम कुणाची. मुलं लहान असताना तो नसतो, सगळे सगळीकडे झोपतात. दहावी आली की खोली अभ्यासाला जाते, मग बारावी, मग इंजिनिअरिंग, मग नोकरी. मुंबईत अशी किती घरं असतील जिथे साठीचे नवराबायको वर्षानुवर्षं हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपतात, आणि त्यांच्या कर्जातून घेतलेल्या खोलीला आतून कडी असते! पाहुणे आले तर उठून बसायचं, मुलगा रात्री पाणी प्यायला आला की दिवा लागणार, सकाळी दूधवाल्याच्या बेलने जाग येणार. याला त्याग म्हणायची आपल्याला सवय आहे. मला ती सवय घातक वाटते, कारण त्यात मुलांना कळतच नाही की समोरच्याने काही दिलं आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर आईबाबा कायम हॉलमध्येच झोपलेले असतात.

आमच्याकडे २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मुलाचं काम अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री सुरू झालं. त्याला बेडरूम दिली, ते योग्यच होतं. नोकरी टिकणं महत्त्वाचं होतं. पुढे तो आठवड्यातले तीन दिवस ऐरोलीच्या ऑफिसात जायला लागला, पण खोली त्याचीच राहिली. लेक दिवाणावर, आम्ही दोघं खाली. मग माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि खाली झोपणं बंद होणार हे नक्की झालं. यजमान म्हणाले, "गुडघ्याचं सांग त्याला, लगेच देईल खोली."

देईलच, याची मलाही खात्री होती. म्हणूनच मला तसं मागायचं नव्हतं. आपल्याकडे आईवडील स्वतःसाठी काही मागतात ते आजारपणाच्या आडून. बीपी वाढतं म्हणून आवाज कमी करा, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून लवकर या, गुडघे दुखतात म्हणून पलंग द्या. दुखणं नसेल तर मागण्याचा हक्कच नाही, असं आपण मुलांना नकळत शिकवतो. मी त्याला रविवारी सकाळी समोर बसवलं आणि म्हटलं, "अरे, ही खोली बाबांची आणि माझी आहे. गरज होती तेव्हा तुला दिली. आता आम्हाला परत हवी. गुडघे बरे झाले तरी हवीच." तो म्हणाला, "मग मी काम कुठे करू?" मी म्हटलं, "ते आपण चौघं बसून बघू. पण खोली कुणाची हे ठरलेलं आहे असं धरून बघू."

तो दोन दिवस गप्प होता. त्या दोन दिवसांत माझा जीव खालीवर होत होता, पण मी समजूत काढायला गेले नाही. पोराला वाईट वाटणारच, आणि ते वाटू देणंही मला आवश्यक वाटत होतं. तिसऱ्या दिवशी त्यानेच टेप घेऊन बंद केलेली बाल्कनी मोजली. तिथे भिंतीला घडीचं टेबल लावलं, पंखा बसवला. रात्री कॉल असला की हॉलमधला स्लायडिंग दरवाजा ओढून घेतो. झोपायला सोफा-कम-बेड आहे. माझ्या भावजयीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "कमावत्या मुलाला बाल्कनीत बसवलंस?" मी म्हटलं, होय.

जेवणाचं मात्र सोपं गेलं. मावशींचा नियमच मी घरात आणला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळी पाचच्या आत खाडा कळवायचा. पाचनंतर कळवलं तर उरलेली पोळी-भाजी दुसऱ्या दिवशी डब्यात जाते, तक्रार चालत नाही. रात्री उशीर होणार असेल तर 'शेवटची पकडतोय' एवढं कळवलं की मी दिवा मालवून झोपते. त्याच्याकडे लॅचची किल्ली आहे. कुणाबरोबर होतास, एवढा वेळ काय केलंस, हे मी सकाळी विचारत नाही. हा भाग माझ्यासाठी सगळ्यात अवघड होता. निरोप आला की झोपायचं हे मी कबूल केलं होतं, आणि सुरुवातीला निरोप येऊनही झोप येत नसे.

पैशांबद्दल नातेवाइकांचं म्हणणं असं की मुलांकडून कसले पैसे घ्यायचे. मी घेते. महिन्याच्या ५ तारखेला दोघांनी ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात टाकायची. किराणा, गॅस, बाईंचा पगार, सोसायटीचा मेंटेनन्स त्यातून जातो. लाइट बिलाचा हिशेब वेगळा, कारण तिथे आमचं खरं भांडण होतं. विजेचे दर टप्प्यांनी चढतात: १०० युनिटपर्यंत एक, मग ३००पर्यंत दुसरा, ५००पर्यंत तिसरा, त्यापुढे आणखी. मे महिन्यात मुलं एसी सकाळपर्यंत चालवायची आणि बिल एकदम वरच्या टप्प्यात जायचं. 'एसी कमी लावा' असं म्हणून काहीही झालं नाही. आमचं हिवाळ्यातलं बिल आम्ही भरायचं, उन्हाळ्यात त्यावर जेवढं जाईल ते त्यांनी वाटून घ्यायचं असं ठरलं, तेव्हापासून रिमोटवर टायमर लागतो.

यजमानांना पेन्शन नाही. निवृत्तीच्या वेळी फंडाची जी रक्कम आली ती ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली आहे, तिचं तिमाही व्याज हेच त्यांचं उत्पन्न. मुलाने एकदा मित्राबरोबरच्या धंद्यासाठी त्यातले पैसे मागितले. यजमान शांतपणे म्हणाले, "ते तुझं भांडवल नाही, माझं म्हातारपण आहे." मला त्यांचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही.

घराबद्दलही इथेच लिहून टाकते, कारण पुष्कळ जणींना याची माहिती नसते. आईवडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या घरात सज्ञान मुलगा राहतो तो त्यांच्या मर्जीने, कायद्याच्या हक्काने नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली हे स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. वडिलोपार्जित मिळकतीची गोष्ट वेगळी, तिथे मुलांचा हिस्सा असतो. महाराष्ट्रात निवासी घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करायचं मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे, इतर आकार वेगळे. ते स्वस्त आहे म्हणून अनेक जण घाईने करून टाकतात. तसं करू नका. करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तात लिहून घ्या, कारण २००७च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्याच्या कलम २३मध्ये, अट पाळली नाही तर असं हस्तांतरण रद्द करून मागता येतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावलं म्हणजे घर नावावर केलं असं होत नाही, हेही लक्षात असू द्या. मृत्युपत्र करा, ते हयातीत केव्हाही बदलता येतं.

आणि जिथे मूल अंगावर येतं, दारू पिऊन पैसे मागतं, आईवडिलांना स्वतःच्याच घरात भीती वाटते, तिथे वरचं सगळं, म्हणजे खाडा, लाइट बिल, बाल्कनी, काही उपयोगाचं नाही. अशी घरं मला माहीत आहेत. तिथे 'लोक काय म्हणतील' हे बाजूला ठेवून मदत मागायला हवी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची हेल्पलाइन आहे, ती विनामूल्य आहे. उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात साध्या अर्जाने दाद मागता येते. दाराला आतून कडी लावून रडत बसण्यापेक्षा तो अर्ज करणं चांगलं, आणि तो केल्याने कुणी वाईट आई ठरत नाही.

माझ्या नशिबाने आमच्याकडे प्रश्न त्या जातीचे नाहीत. आमच्याकडे लेक आहे, जी ठरवण्याच्या बाबतीत माझ्यावर गेली आहे. खोलीचं प्रकरण मिटल्यावर ती म्हणाली, "आई, तुझं सगळं सांगून झालं ना? आता माझं ऐक." तिने काय काय सांगितलं! मी घरी नसताना माझं कपाट आवरू नकोस. माझ्या नावाचं पार्सल फोडू नकोस. फोन वाजला की कुणाचा म्हणून विचारू नकोस. माझा पगार मावशीला सांगू नकोस. आणि मला विचारल्याशिवाय माझा बायोडेटा कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही, फोटो तर नाहीच.

पहिल्या चार गोष्टी मी तिथल्या तिथे मान्य केल्या. बायोडेट्याचं मला लागलं. एकोणतीस वर्षांच्या मुलीसाठी स्थळं बघणं हे आईचं काम नाही तर कुणाचं, असं मी बोलले. ती म्हणाली, "तू पोस्टातल्या पैशांची गोष्ट किती वेळा सांगतेस. आजीने तुझे पैसे तुझ्याकडे ठेवले ना? माझं लग्न माझ्याकडे ठेव." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता मी स्थळ आलं तर तिला सांगते, एकदाच. ती नाही म्हणाली की समोरच्याला मीच नाही कळवते, कारण न विचारता. कारण न विचारणं हे फार कठीण काम आहे. लेक घरात असते, समोर बसून चहा पिते, आणि मनातला प्रश्न तसाच ठेवून मी तिला बिस्किटं पुढे करते.

मुलाचं मात्र पुढच्या वर्षी लग्न ठरतंय. मुलगी आम्हा सगळ्यांना आवडली आहे. म्हणजे बेडरूमचा प्रश्न पुन्हा आला. चाळीच्या रिवाजाने पोटमाळा नव्या जोडप्याचा, आणि यजमानांचं मन तिकडेच झुकतं. माझं नाही. मी सुचवलं आहे की त्यांनी भांडुपलाच किंवा नाहूरला भाड्याने घर बघावं, डिपॉझिटला आम्ही हातभार लावू, भाडं त्यांचं. मुलगा म्हणतो, भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा वर्षभर इथे राहून साठवतो आणि घर घेतो. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण एका वर्षाचं वर्ष किती लांबतं हे मी पाहिलं आहे, म्हणून राहायचंच असेल तर तारीख लिहून ठेवायची, असं मी म्हटलं. तो म्हणाला, आधी तिच्याशी बोलतो. मी म्हटलं, बोल, आणि रविवारी तिलाच जेवायला घेऊन ये. तिच्या मनात काय आहे ते तिच्या तोंडून ऐकू, मग ठरवू.